घड्याळरावांचं फाटक

सत्काराच्या दिवशी घड्याळरावांनी दाढी दोनदा केली. एकदा सकाळी, आणि सकाळी केली होती हे विसरल्यामुळे पुन्हा एकदा दुपारी. दुसऱ्या खेपेला हनुवटीवर कापलं. वहिनींनी त्या जागी तुरटी फिरवली, शर्टाची वरची गुंडी लावून दिली आणि नवऱ्याच्या अगदी जवळ उभं राहून एक लांब श्वास घेतला. बघणाऱ्याला वाटलं असतं, काय माया आहे! माया होती की नाही ते पुढे बघू; तो श्वास मात्र तपासणीचा होता. तोंडाला लवंगेचा वास येत होता. लवंग असली की तिच्या मागे दुसरा वास दडलेला असतो, हे वहिनींना पाठ होतं.

रेल्वेच्या सभागृहात मोठ्या साहेबांनी कागदावरून वाचलं, "सलग दहा वर्षं सेवा, एकही अपघात नाही, फाटकामुळे एकाही गाडीचा खोळंबा नाही," आणि एक लाकडी ढाल घड्याळरावांच्या हातात दिली. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या तिसऱ्या रांगेतल्या वहिनींनी. आता खरं सांगायचं तर त्या दहातली शेवटची तीन वर्षं वहिनींची होती. न्यायानं ढालीचा खालचा तुकडा करवतीनं कापून त्यांना द्यायला हवा होता. पण ही गोष्ट त्या अख्ख्या सभागृहात फक्त दोघांना ठाऊक होती, आणि त्यातला एकजण ती सोयीनं विसरला होता.

घड्याळराव हे त्यांचं नाव नव्हे, रस्त्यानं दिलेली पदवी. वस्तीबाहेरच्या रेल्वे फाटकावर ते गेटमन होते. एकेरी रूळ, अरुंद रस्ता, रुळाला खेटून फोनची एक खोली आणि तिच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर. दिवसाची पाळी यांची, रात्रीची दुसऱ्या गेटमनची. दिवसाला सहा गाड्या. फाटक इतकं वेळेवर लागायचं आणि इतकं वेळेवर उघडायचं, की सायकलवरून कामाला जाणारे लोक त्यावर आपली घड्याळं लावून घ्यायचे. तिथून ते नाव पडलं.

फाटकाचं काम कसं चालतं ते आधी सांगून टाकतो, नाहीतर वहिनींच्या जिवाला घोर कसला होता ते कळायचं नाही. गाडी सोडायच्या आधी स्टेशनातले मास्तर फाटकावर फोन करतात. गेटमन जाऊन फाटक लावतो, परत येतो आणि भिंतीवर टांगलेल्या कागदावरचा पुढचा नंबर फोनवर वाचून दाखवतो. त्रेचाळीस म्हणा, सत्याहत्तर म्हणा, कागदावर असेल तो. तो नंबर म्हणजे 'फाटक लागलंय' अशी जबान. नंबर मिळाला की मास्तर सिग्नल देतात आणि सात मिनिटांत गाडी फाटकात असते. फोन कुणी उचललाच नाही तर गाडी स्टेशनात उभी राहते, म्हणजे निदान कुणी मरत नाही. धोका तिथं नसतो. धोका असतो तो नंबर द्यायचा आणि फाटक लावायचं विसरायचं, यात.

तीन वर्षांपूर्वी सकाळी दहा-चाळीसच्या गाडीला नेमकं तेच झालं होतं. वहिनी मागं दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. फोन वाजला, नवऱ्यानं उचलला, "एकोणसाठ" असा नंबर खणखणीत आवाजात दिला. वहिनी साखळीची खडखड ऐकू यायची वाट बघत राहिल्या. फाटकावरच्या सात वर्षांत ती खडखड त्यांच्या कानाला इतकी सरावली होती की ती आली नाही हेच त्यांना ऐकू आलं. ओली चादर खांद्यावर तशीच घेऊन त्या पुढं धावल्या. नवरा खुर्चीत बसला होता, फोन मांडीवर, हनुवटी छातीवर. फाटक ताठ उभं आणि विटांचा एक ट्रक रूळ ओलांडत होता.

फाटक लावायचं चक्र बासष्ट वेळा फिरवावं लागतं. वहिनींनी ते त्या दिवशी मोजलं. शेवटचा फेरा संपायला आणि वळणावर शिट्टी वाजायला एक गाठ पडली. त्या शिट्टीनं घड्याळराव जागे झाले, खुंटीवरचा हिरवा बावटा काढला आणि रुळाशेजारी खांबासारखे सरळ उभे राहिले. इंजिनातल्या ड्रायव्हरनं हात हलवला. यांनीही हलवला. बावटा मात्र झक्क दाखवला, बरं का!

त्या दिवसापासून फोन वहिनींनी आपल्याकडे घेतला.

मास्तरांना बाईचा आवाज कळत नव्हता अशातला भाग नाही. ते विचारायचे, "कुठायत साहेब?"

"फाटकाशीच उभे आहेत. नंबर घ्या, सत्तावीस."

"सत्तावीस. बरं आहेत ना?"

"एकदम."

एवढ्यावर भागायचं. गाड्या वेळेवर सुटत होत्या आणि वेळेवर सुटणाऱ्या गाडीला कुणी जास्त प्रश्न विचारत नाही. नोंदवहीसुद्धा वहिनीच लिहीत. नवऱ्याचं अक्षर उजवीकडे झुकणारं होतं, त्याचा सात टोपी घातल्यासारखा, चार महिन्यांत त्यांना ते इतकं जमलं की एकदा घड्याळरावांनीच एक पान बघून म्हटलं, "हे मी कधी लिहिलं?"

नवरा वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. हात उगारणारा असता, भांडी फेकणारा असता, तर चार लोकांना सांगता आलं असतं. हा माणूस पिऊन गुपचूप झोपायचा, उठून रडायचा आणि वहिनींचे हात हातात घेऊन म्हणायचा, "तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं!" यावर काय बोलणार? वहिनींनी सगळं करून पाहिलं. बाटल्या मोरीत ओतल्या. डॉक्टरांकडून गोळ्या आणल्या. त्या त्यानं आठवडाभर घेतल्या आणि मग जिभेखाली धरून बाहेर थुंकायला शिकला. महिनाभर अबोला धरला, तर त्याला तो आरामच वाटला. एकदा रागानं बॅग भरून भावाकडे निघून गेल्या आणि तिसऱ्या दिवशी परत आल्या. भावजय म्हणाली, नवऱ्याची फार ओढ दिसते. ओढ होती ती दहा-चाळीसच्या गाडीची. बाटली कधी हातकंदिलाच्या खोक्यात सापडायची, कधी लाल बावट्याच्या गुंडाळीत, आणि ढाल घरी आल्यावर चौथ्या दिवशी ती ढालीच्या मागे सापडली.

पाचव्या दिवशी हुकूम आला. या फाटकाच्या जागी रुळाखालून रस्ता नेणार होते, म्हणून हे फाटक कायमचं बंद. आणि ज्याच्या दहा वर्षांच्या सेवेला डाग नाही अशा गेटमनला बाजाराजवळच्या मोठ्या फाटकावर बढती. चार रूळ, दिवसाला चाळीस गाड्या, दोन्ही बाजूंना सदा ट्रक, बस, शाळेच्या गाड्या आणि पायी माणसांची रेटारेटी. गेटमन बसतो तो जिन्यावरच्या केबिनमध्ये. तिथं चक्र नाही, बटण आहे. दारावर पाटी आहे: बाहेरच्या व्यक्तीस आत येण्यास सक्त मनाई. राहायचं होतं जुन्याच क्वार्टरमध्ये, नवं मिळेपर्यंत.

"बघितलंस?" घड्याळराव म्हणाले. "कदर झाली शेवटी!" आणि त्या आनंदात दुपारीच बसले.

वहिनी हुकूम हातात धरून उभ्याच राहिल्या. तीन वर्षं आपण एकेक गाडी वेळेवर पास केली, त्याचं हे फळ. आपण झाकलं, म्हणून तो वर चढला. आणि आता तो अशा जागी जाऊन बसणार जिथं आपला हात पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या इन्स्पेक्टर साहेबांच्या ऑफिसात गेल्या. हे साहेब दर महिन्याला फाटकावर येऊन नोंदवही तपासून सही करायचे. टेबलावर फायली, वर करकरणारा पंखा. साहेबांना वाटलं, पेढे नाहीतर निदान आभार तरी असतील.

"या वहिनी. खूश ना आता?"

"साहेब, यांना तिकडे पाठवू नका."

"का? लांब पडतं होय?"

"ते पितात."

साहेब हसले. "कोण पीत नाही वहिनी? सुटीच्या दिवशी थोडीफार—"

"दिवसा पितात. ड्युटीवर. तीन वर्षं झाली, फाटक मी लावतेय. नंबर मीच देतेय."

साहेब आणखी हसले, पण जरा कमी. "काहीतरीच काय बोलताय! घड्याळरावांसारखा माणूस! घरात काही बिनसलंय का? भांडण झालंय का?"

वहिनींनी पुढं वाद घातला नाही. टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, पेन घेतलं आणि महिन्यापूर्वीच्या एका दिवसाच्या सहाही गाड्या लिहून काढल्या. उजवीकडे झुकणारं अक्षर, टोपीवाला सात, शेवटी घड्याळरावांची लपेटदार सही. साहेबांनी कागद बघितला. कपाटातून जुनी नोंदवही काढली, शेजारी ठेवली, चष्मा लावला, चष्मा काढला.

"वहिनी," शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला कळतंय का? हे मी वर कळवलं तर पहिला प्रश्न येणार, तीन वर्षं फाटक कुणी लावलं? रेल्वेच्या फाटकाला बाहेरच्या माणसानं हात लावणं हा गुन्हा आहे. ते घरी बसतील, क्वार्टर जाईल आणि तुम्ही कोर्टात उभ्या राहाल. आणि," त्यांनी नोंदवहीवर बोट ठेवलं, "दर महिन्याला खाली सही कुणाची आहे? माझी."

"मग माणसं मेली तर चालतील?"

साहेबांना ते लागलं. त्यांनी तोंड फिरवलं. "मी बोलतो त्यांच्याशी. दम भरतो चांगला. पण तुम्ही मला काही सांगितलं नाही आणि मी काही ऐकलं नाही. समजलं ना?" त्यांनी तो कागद घेतला, चार तुकडे केले, चाराचे आठ केले आणि ते टोपलीत न टाकता खिशात घातले.

साहेबांनी दम भरला म्हणे. त्या संध्याकाळी घड्याळराव घरी आले ते मान खाली घालून. कुणी सांगितलं असेल, असं त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. जेवले, झोपले. दोन दिवसांनी मोठ्या फाटकावर रुजू झाले.

आणि वहिनीही रुजू झाल्या. केबिनच्या समोर, रस्त्याच्या कडेला पंक्चरवाल्या काकांचं दुकान होतं, त्याच्या पुढ्यात एक बाकडं. सकाळी नवऱ्याच्या मागोमाग डबा घेऊन निघायचं, डबा जिन्याखालच्या खुंटीला अडकवायचा आणि बाकड्यावर बसायचं ते संध्याकाळपर्यंत. केबिनच्या खिडक्या उघड्या असल्या की आतला फोन ऐकू यायचा. फोन वाजला की वहिनी ताठ. फोन उचलला गेला की मनात मोजणी सुरू: एक, दोन, तीन. फाटकाची घंटा घणघणून दोन्ही दांडे खाली आले की श्वास सुटायचा. असं दिवसातून चाळीस वेळा.

"डब्यासाठी दिवसभर बसता वहिनी?" काका पहिल्या दिवशी म्हणाले.

"घरी करमत नाही."

काकांनी ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगितली. आमच्या हिला जरा शिकवा म्हणून एक रिक्षावाला हात जोडून गेला. प्रेम असावं तर असं, असं सगळा रस्ता म्हणू लागला. वहिनी ऐकून घ्यायच्या. काय सांगणार, की मी इथं प्रेम करायला नाही, पहारा द्यायला बसलेय?

घरी त्या नवऱ्याकडे बघत आणि त्यांचा जीव अर्धा होई. त्याचे हात थरथरत होते. चहाचा कप बशीत वाजायचा. रात्री झोपेत दचकायचा, उशी घामानं भिजायची. जेवण जात नव्हतं. ही सगळी लक्षणं वहिनींना ठाऊक होती. तीन वर्षांचा अभ्यास होता तो. फक्त वास येत नव्हता. लवंगेचाही नाही. म्हणजे यांनी वास लपवायची काहीतरी नवी युक्ती काढली, एवढाच अर्थ त्यांनी लावला. पूर्वी त्या घरातल्या जागा शोधायच्या. आता दिवसभर बाकड्यावर बसून घरी आल्यावर तेवढं त्राण उरत नव्हतं. ढालीमागं बघायचंही सोडलं होतं. बघितलं असतं तर तिथं नुसती धूळ दिसली असती.

अशातच एका दुपारी, बारा-दहाच्या सुमाराला, केबिनमधला फोन वाजला. दुसऱ्या घंटीला उचलला गेला. आत काय बोलणं झालं ते रस्त्याच्या गोंगाटात कळलं नाही. वहिनींनी मोजायला सुरुवात केली. एक मिनिट झालं. दांडे उभेच. दोन मिनिटं झाली. शाळा सुटली होती. दोन्ही बाजूंनी पोरांनी भरलेल्या गाड्या येत होत्या. खिडकीत नवरा दिसत नव्हता. तीन मिनिटं. वहिनींच्या डोळ्यांपुढं मांडीवर फोन घेतलेला, हनुवटी छातीवर टेकलेला माणूस उभा राहिला. चौथं मिनिट लागलं आणि त्या उठल्या, धावत रस्त्यात गेल्या आणि रुळांच्या अलीकडे दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"थांबा! गाडी येतेय! थांबा!"

शाळेच्या गाडीनं करकचून ब्रेक मारला. मागच्या ट्रकनं मारला. मागं हॉर्नचा नुसता कालवा. पलीकडच्या बाजूचे लोकही हबकून थांबले. सायकलवरून उतरून माणसं रुळाकडे बघायला लागली. रूळ उन्हात चकचकत होते. लांबपर्यंत काही नव्हतं. पाचवं मिनिट गेलं, सहावं गेलं.

वर केबिनच्या उघड्या खिडकीत हालचाल झाली. घड्याळराव तिच्यात उभे होते. चेहरा गोरामोरा, पण डोळे स्वच्छ.

"अगं, बाजूला हो!" ते ओरडले. "गाडी लेट आहे! चाळीस मिनिटं लेट आहे!"

जुन्या फाटकावर फोन वाजला म्हणजे गाडी, दुसऱ्या कशासाठी तो वाजतच नसे. मोठ्या फाटकावर तो दहा कारणांसाठी वाजतो. गाडी लेट आहे हे सांगायलाही वाजतो. हे वहिनींना कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्या तिथं नोकरीला नव्हत्या.

शाळेच्या गाडीतली पोरं खिदळायला लागली. ट्रकवाल्यानं खिडकीतून डोकं काढून दोन खास शब्द दिले. "नवऱ्याला भेटायची एवढी घाई?" कुणीतरी म्हणालं आणि रस्ताभर हशा पिकला. पंक्चरवाल्या काकांनी येऊन वहिनींना दंडाला धरून बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. वर खिडकी लागली.

संध्याकाळी घड्याळराव घरी आले. चपला काढल्या, त्या जोडून नीट भिंतीला लावल्या. खुर्चीवर बसले. त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि थरथरत होते.

"अकरा दिवस झाले," ते म्हणाले.

"कशाला?"

"हात लावलेला नाही."

वहिनींनी त्या हातांकडे बघितलं. बोटांची थरथर, घाम, दचकणं, बशीत वाजणारा कप. पिण्याची लक्षणं नव्हती ती, सोडण्याची होती. इतकी वर्षं जवळून बघूनसुद्धा त्यांनी हा भाग कधी बघितलाच नव्हता, कारण तो कधी आलाच नव्हता.

"मला सांगितलं का नाही?"

"याआधी किती वेळा सांगितलंय?" घड्याळरावांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "पंधरा वेळा? वीस? या वेळी म्हटलं, बोलायचं नाही. हिचं हिलाच कळेल." मग ते म्हणाले, "तू रोज समोर बसायचीस. मला वाटायचं, तुला कळलंय. म्हणून बसतेस, सोबतीला."

वहिनींना रडू फुटलं. अकरा दिवसांत त्यांनी चारशेच्या वर गाड्या मोजल्या होत्या. दिवस मोजायचे राहिले होते.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "अहो, चुकलं. पण माझ्या जागी तुम्ही असता तर..."

"अख्खा रस्ता हसला आज." ते उठले. चपला पायात घातल्या. "जरा पाय मोकळे करून येतो."

"जाऊ नका."

"पाच मिनिटांत येतो."

"जाऊ नका हो. पाया पडते तुमच्या." त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या, दुपारी रस्त्यात राहिल्या होत्या तशा, दोन्ही हात पसरून. घड्याळरावांनी एक हात अलगद खाली केला, अगदी हळू, काचेचं भांडं सरकवावं तसा, आणि बाहेर पडले.

आजचं निमित्त नसतं तर त्यांनी उद्या दुसरं शोधलं असतं, असं एक मन म्हणत होतं. कदाचित शोधलं नसतंही, असं दुसरं म्हणत होतं. या दोन मनांच्या मध्ये वहिनी तासभर बसल्या. तासाभरानं दार वाजलं, ते आत आले आणि त्यांच्या आधी वास आत आला. आणि कुणाला सांगू नये पण सांगतो, त्या वासानं वहिनींना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. हा वास ओळखीचा होता. याच्याशी कसं वागायचं हे त्यांना येत होतं. मग त्या सुटकेची त्यांना इतकी लाज वाटली की त्या मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिल्या.

सकाळी घड्याळरावांनी दाढी केली आणि कापून घेतलं. वहिनींनी तुरटी लावली. लवंग होती.

"आज जाऊ नका. बरं नाही म्हणून कळवते मी."

"घड्याळराव कधी खाडा करत नाहीत," ते म्हणाले आणि ढालीकडे बघून हसले.

ते गेल्यावर वहिनींनी इन्स्पेक्टर साहेबांना फोन लावला. साहेब पाहणीला बाहेर गेलेत, असं उत्तर आलं. कधी येतील? सांगता येत नाही. काही निरोप आहे का? वहिनींनी तोंड उघडलं. कुणाला सांगायचं, आणि काय? "काही नाही," त्या म्हणाल्या.

त्या बाकड्यावर पोचल्या तेव्हा काकांनी नजर चुकवली आणि मग कसनुसं हसून विचारलं, "कसे आहेत घड्याळराव?"

"एकदम बरे," वहिनी म्हणाल्या. हे वाक्य तीन वर्षांत त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की ते त्यांना विचारून बाहेर पडत नसे.

केबिनच्या खिडक्या उघड्या होत्या. फोन वाजला. एक घंटी, दोन, तीन. उचलू नका, वहिनी मनात म्हणत होत्या. नका उचलू, वाजू दे, गाडी स्टेशनात उभी राहू दे. चार, पाच, सहा. सातव्या घंटीला फोन उचलला गेला आणि नवऱ्याचा खणखणीत आवाज रस्त्यावर आला, "अठ्ठ्याऐंशी!"

गाडी लेट असली की नंबर देत नाहीत. नंबर गेला म्हणजे गाडी सुटली.

दांडे उभेच होते. एक मिनिट. वहिनींचा मांडीवरचा उजवा हात आपोआप फिरायला लागला, चक्र धरल्यासारखा. दोन मिनिटं. त्या जिन्याकडे धावल्या, वर चढल्या, पाटीच्या दारावर दोन्ही मुठींनी धडका मारल्या. दाराला आतून कडी होती. नियमच होता तसा. "अहो! फाटक! अहो!" आतून काही उत्तर नाही. त्या खाली धावल्या आणि रस्त्यात जाऊन हात पसरून उभ्या राहिल्या.

"थांबा! गाडी येतेय!"

पण काल थांबलेले लोक आज थांबत नव्हते. पुढच्या रिक्षावाल्यानं त्यांना ओळखलं, वेग जरा कमी केला आणि हसून बाजूनं रिक्षा काढली. "वहिनी, गाडी लेट आहे!" तो ओरडला. त्याच्यामागं एक ट्रक गेला, दोन सायकली गेल्या, शाळेची गाडी गेली. पोरांनी खिडकीतून हात पसरून दाखवले, वहिनींसारखे. सगळे त्यांना वळसा घालून रुळांवर जात होते आणि वहिनी "अहो खरंच येतेय, खरंच येतेय" म्हणत प्रत्येकाच्या पुढं होत होत्या. त्यांचा आवाज बसला होता.

लांबून शिट्टी आली.

मग घंटा घणघणली. दांडे थरथरले आणि खाली यायला लागले. शेवटची एक सायकल डोकं खाली घालून निसटली, आणि दांडे टेकले न टेकले तोच गाडी धडधडत आली. वर खिडकीत घड्याळराव उभे होते. हिरवा बावटा हातात, खांबासारखे सरळ. ड्रायव्हरनं हात हलवला. त्यांनीही हलवला.

वहिनी बाकड्यावर येऊन बसल्या. काका पाणी घेऊन आले आणि या वेळी ते हसले नाहीत. त्यांनी एकदा केबिनकडे बघितलं, एकदा वहिनींकडे, आणि काही विचारायला तोंड उघडलं.

"त्यांना आज जरा कणकण आहे," वहिनी म्हणाल्या.

पुढची गाडी आठ चाळीसला होती.